साठ घासण्यांचे आण्णा

भांडी घासायची घासणी बघून डोळ्यांत पाणी येणारी बाई माझ्याशिवाय दुसरी कुणी असेल असं मला वाटत नाही. दुकानात गेले की लेक साबण, पावडर पिशवीत टाकत पुढे सरकते आणि मी ती गोल, जाळीची, गुलाबी घासणी हातात घेऊन उभी राहते. "आई, घासणी आहे ती," लेक म्हणते. आहेच. पण तिनं चौगुले आण्णांना नीट पाहिलेलं नाही, तिला काय सांगायचं?

आण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांच्या आणि आमच्या अंगणात एकच भिंत होती, तीही कमरेएवढी. मी मूळची आजऱ्याची, सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा गडहिंग्लजला नोकरीला, शनिवारी यायचा. त्यामुळे अडीअडचणीला मला आण्णा आणि आक्का. आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. दोघं मला नावानं कधीच हाक मारायचे नाहीत, "सिस्टर" म्हणायचे. नळाचं पाणी गेलं तरी सिस्टर आणि पापड वाळत घालायचे असले तरी सिस्टर.

आण्णा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते. लोखंड कातायच्या लेथवर आयुष्य गेल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते सुतात मोजायचे. इंचाची आठ सुतं. "आज भाकरी दोन सूत जाड झालीया," असं जेवताना म्हणायचे. आक्का मान वर न करता म्हणायच्या, "मग लेथवर लावा आनि खावा." आक्कांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा मोरीतला नळ गळत होता. नळ दुरुस्त होईपर्यंत चहा करणार नाही म्हणाल्या, आणि तो टर्नर माणूस स्वतःच्या घरात चार दिवस बिनचहाचा राहिला. पाचव्या दिवशी पाना घेऊन मोरीत शिरला.

आता या घरात मासे कसे आले ते सांगायला हवं, कारण घर जैनांचं. मासे खाणं तर सोडाच, ही माणसं दिवस मावळल्यावर घासही तोंडात घालत नसत. झालं असं की आण्णांच्या कारखान्यात ऑफिससमोर एक छोटं कारंजं होतं, त्यात लाल-पांढरे मासे सोडलेले. गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून ते कारंजं बुजवायचं ठरलं. कामगारांत लगेच कालवणाची चर्चा सुरू झाली. आण्णांच्या निवृत्तीला तेव्हा महिना राहिला होता. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. रंगाचे दोन रिकामे डबे धुतले, त्यांत अकरा मासे घातले, डबे सायकलच्या हँडलला अडकवले आणि उद्यमनगरापासून घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आले.

अंगणात कपडे धुवायच्या पाण्याचा जुना सिमेंटचा हौद होता. त्यात मासे सोडले. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी त्या दिवशी घातलेली अट मी भिंतीपलीकडून माझ्या कानांनी ऐकली आहे.

"आनलासा, ठेवा. पर जीव कोंडून ठेवायचा तर त्यो जगवायचा. पान्याच्या घाणीनं ह्यातला एक जरी गेला, तर त्या दिवशी हौद मातीनं भरून कोथिंबीर लावीन. ऱ्हायल्यालं रंकाळ्यात सोडायचं. कबूल हाय?"

"कबूल," आण्णा म्हणाले. नळाचा प्रसंग त्यांच्या लक्षात होताच.

तेव्हापासून आक्का रोज सकाळी हौदाजवळ यायच्या, मासे मोजायच्या, "अकरा" एवढंच म्हणायच्या आणि आत जायच्या. आण्णांनी माशांना नावं दिली नव्हती. "पावणं" म्हणायचे. "आज पावण्यांनी खाल्लं न्हाय." "पावणं जरा गप हायती." नाव ठेवलं की ते आपलं होतं, आणि हे आपले नाहीत, आपल्याकडे उतरलेत, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या उन्हाळ्यातच पाणी हिरवं झालं. वास यायला लागला. आण्णांनी कूलरचा छोटा पंप आणला. पंप हौदातलं पाणी उचलून वर ठेवलेल्या निळ्या बॅरलमध्ये टाकायचा आणि ते गाळून तळाच्या नळीनं परत हौदात यायचं. प्रश्न एवढाच, की बॅरलमध्ये घालायचं काय? वाळू घातली, ती चोंदली. कापूस घातला, त्याचा लगदा झाला. स्पंज दोन दिवसांत चिकट झाला. मग एके दिवशी त्यांनी आक्कांच्या मोरीतली तारेची घासणी उचलली. आठवड्यात ती गंजली आणि हौदात तांबडा रस्सा तयार झाला. "आता कोल्हापूरचं पानी दिसाय लागलं," आक्का म्हणाल्या आणि नवी घासणी त्यांनी पिठाच्या डब्यात लपवली.

पण घासणी आण्णांच्या डोक्यातून गेली नव्हती. तारेची गंजते, मग प्लास्टिकची? त्या रविवारी मी भाजीला लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले होते. बघते तर आण्णा एका भांडीवालीसमोर उकिडवे बसून जाळीच्या गोल घासण्या एकेक करून उजेडात धरत होते. दाबत होते, सोडत होते, बोटांनी छिद्रं चाचपत होते. बाईनं शेवटी विचारलं,

"किती देऊ, पावणं?"

"साठ."

"हाटेल काढलंसा व्हय?"

"न्हाय. मासं हायती."

बाई शेजारच्या बाईकडे बघत म्हणाली, "घासून शिजिवत्यात जनू." तो बाजार इतका हसला की मला ओळख दाखवायची लाज वाटली. आण्णा मात्र शांतपणे साठ मोजून घेत होते, पन्नासाव्याला चुकले आणि परत पहिल्यापासून मोजले.

घासण्या बॅरलमध्ये गेल्या. पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता. मी भिंतीवरून चेष्टा करायची, ते म्हणायचे, "बगूया की, गडबड काय हाय?" दीड महिन्यानं एका सकाळी मला हौदाचा तळ दिसला. तळाला पडलेलं आक्कांचं जुनं जोडवंसुद्धा दिसलं. आण्णांनी ते काढून दिलं तेव्हा आक्का पहिल्यांदा त्या बॅरलकडे जरा आदरानं बघून गेल्या.

आता माझा आणि आण्णांचा वाद सांगते. मी नर्स. उकळणं, पुसणं आणि जंतू मारणं यात माझी हयात गेली. आण्णा महिन्यातून एकदा त्या घासण्या काढायचे, तेव्हा त्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर असायचा. ते काय करायचे? हौदातलंच पाणी बादलीत घ्यायचे, घासणी त्यात दोनदा हलकेच दाबायचे आणि होती तशी परत बॅरलमध्ये टाकायचे. बादली निवळली की वरचं पाणी हौदात, खालचा गाळ जास्वंदीला. नळाचं पाणी घासणीला लागू द्यायचे नाहीत. माझ्या अंगावर काटा यायचा.

"आण्णा, जंतू आहेत त्याच्यात."

"तुमी जंतू म्हनतासा, आमी जीव म्हनतो. हायती एकच."

त्यामागं त्यांच्या घरची रीत होती. पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि कापडावर जे सूक्ष्म जीव राहिले असतील ते ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे. त्याला त्यांच्याकडे जिवाणी म्हणत. आण्णांनी लहानपणापासून आईला विहिरीवर हे करताना पाहिलं होतं. घासणी म्हणजे त्यांच्या लेखी गाळायचं कापडच. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं जीव मरतात, म्हणून नळाचं पाणी वर्ज्य. पाणी स्वच्छ ठेवतात ते घासणीवरचे जीवच, हे त्यांना पुढं स्वतःच्या निरीक्षणानं कळलं, पण रीत आधीपासून बरोबर होती. मला मात्र हे सगळं तेव्हा सोवळ्याओवळ्याचं काहीतरी वाटत होतं. शिकलेल्या माणसाचा ताठा, दुसरं काय!

हौद बघायला माणसं यायला लागली. कुणी मासा पाळायचा म्हणालं की आण्णा त्याला बॅरलमधली एक घाणेरडी घासणी ओल्या फडक्यात बांधून द्यायचे. "ह्ये इरजन. आदी ह्ये नव्या घासन्यांत टाका, म्हैनाभर लागू द्या, मासा मग आना." विरजणाशिवाय दही लागत नाही, तसं घासणीशिवाय हौद लागत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. बहुतेक लोक वाकून नमस्कार करून ते फडकं पुढच्या कोपऱ्यावर टाकून द्यायचे. ते आण्णांनाही माहीत होतं. तरी द्यायचे.

एकानं टाकलं नाही. गडमुडशिंगीचे कांबळे, टेलिफोन खात्यात लाइनमन. आण्णांचा फोन दुरुस्त करायला आले आणि हौदाजवळ दोन तास बसले. फोन तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. दारातून आत येताना ते "जय भीम, आण्णा" म्हणायचे, आण्णा "जय जिनेंद्र, या की" म्हणायचे, आणि त्यानंतर दोघं पंप, नळी आणि सूत यांखेरीज कशावरही बोलायचे नाहीत. कांबळेंनी विरजण नेलं, घरामागं हौद बांधला आणि बॅरलसुद्धा आण्णांच्यासारखाच निळा आणला.

आता माझा पराक्रम. तोही सांगितलाच पाहिजे.

आण्णांची लेक बेळगावला दिलेली. तिचं बाळंतपण आलं तेव्हा आण्णा-आक्का पंधरा दिवसांसाठी गेले आणि हौद माझ्याकडे सोपवला. आण्णांनी सांगितलं, "चिमटीभर खानं टाका, पंप बंद पडू देऊ नगा. घासन्या धुवायच्या न्हाईत." आता आमच्या भागात कुणी "ऱ्हाऊ द्या, तुमी कशाला करतासा" म्हणालं की त्याचा अर्थ करावं असाच असतो. मला वाटलं, सिस्टरला त्रास नको म्हणून म्हणतायत. घासण्या धुतल्या तर किती बरं वाटेल त्यांना!

सुट्टीच्या दिवशी मी सगळ्या साठ घासण्या काढल्या. मोठ्या पातेल्यात वीस मिनिटं उकळल्या. पाणी बदललं, परत उकळल्या. दवाखान्यात अवजारं उकळतात तशा अगदी मन लावून. मग उन्हात ओळीनं वाळवल्या. गुलाबी, हिरव्या, निळ्या, नव्या कोऱ्या दिसायला लागल्या. मी त्या परत बॅरलमध्ये भरल्या आणि स्वतःवर खूश होऊन चहा केला.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पाचव्या दिवशी सकाळी एक मासा पोट वर करून तरंगत होता. दुपारपर्यंत दुसरा. मी माणसं मरताना पाहिली आहेत, आणि कामावर असताना कधी डगमगले नाही. पण त्या हौदाशी मी उरलेले नऊ मासे परत परत मोजत बसले. मला आक्कांची अट आठवत होती. हौद गेला की आण्णांचं काय उरणार होतं? निवृत्तीनंतर त्या माणसाची सगळी सकाळ आणि सगळी संध्याकाळ त्या हौदावर उभी होती आणि मी ती पातेल्यात घालून उकळली होती.

खोटं सांगावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण कोपऱ्यावरच्या बूथवरून बेळगावला फोन लावला आणि आण्णांचा आवाज ऐकल्यावर सगळं भडाभडा बाहेर आलं.

"उकळल्या?" आण्णांनी विचारलं.

"हो."

"किती टायम?"

"वीस मिनिटं. दोनदा."

आण्णा म्हणाले, "म्हंजे काम एकदम पक्कं केलंसा." मी रडायलाच लागले. "सिस्टर, रडू नगासा. खानं बंद करा. मोरीतल्या पिपात औषध उडाय शिळं करून ठेवल्यालं पानी हाय, त्यातलं रोज थोडं बदला. आनि आत्ताच्या आत्ता गडमुडशिंगीला जावा. कांबळ्यांकडं आपलं इरजन हाय."

मी कामावरच्या पांढऱ्या साडीत तशीच सिटी बसनं गडमुडशिंगीला गेले. कांबळे जेवत होते. ऐकून घेतलं, ताट बाजूला सारलं आणि घरामागं जाऊन बॅरल उघडला.

"निम्म्या देतो बाई. सगळ्या देऊन चालायचं न्हाय, तुमचं जगवताना माझं मरायचं."

"तुमच्या माशांना काही होणार नाही ना?"

"व्हईल की न्हाई, म्हाईत न्हाई. पर आण्णांनी मला दिल्यालं हाय. त्येंनाच न्हाई म्हनू?"

दुधाच्या कॅनमध्ये हौदाचं पाणी आणि त्यात तीस तपकिरी, बुळबुळीत घासण्या. कांबळेंच्या स्कूटरवर मागं मी, मांडीवर झाकण नसलेला कॅन. प्रत्येक खड्ड्याला ते पाणी माझ्या साडीवर सांडत होतं आणि कांबळे ओरडत होते, "साडी सोडा, घासनी सुकाय नको!" ज्या थराची मला इतकी वर्षं किळस यायची, तो मी छातीशी धरून कोल्हापुरात आणला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मासे खाली गेले. सहाव्या दिवशी पाणी निवळलं. कांबळे रोज कामावर जाता जाता डोकावून जायचे. त्यांचे मासेही वाचले. पण आमचे दोन गेले होते, ते काही परत येणार नव्हते.

आण्णा-आक्का परतले त्या सकाळी मी दारातच उभी होते. आक्का सामान खाली न ठेवता आधी हौदाजवळ गेल्या. बोटानं मोजलं. "नऊ," म्हणाल्या. आण्णा खाली बघत होते. मी हात जोडले आणि म्हणाले, "आक्का, चूक माझी आहे. तुम्ही हौद भरून टाका, पण आण्णांना काही बोलू नका."

आक्का परत हौदाकडे वळल्या. परत एकदा बोटानं मोजलं. मग म्हणाल्या,

"माजी अट काय हुती?"

"पाण्याच्या घाणीनं एक जरी गेला तर."

"मग? ही घाणीनं कुटं मेली? ही सवच्छतेनं मेली." आणि सामान उचलून आत गेल्या.

आण्णा इतके हसले की त्यांना कट्ट्यावर बसावं लागलं. मी मात्र हसता हसता रडत होते. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी गेलेल्या दोन जिवांसाठी एक वेळ जेवून दिवस काढला. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही एकदाच जेवले.

पुढं भारनियमनाची वर्षं आली. ठरलेल्या वेळी वीज जायची आणि पंप थांबायचा. पाणी वाहिलं नाही की घासणीवरचे जीव गुदमरतात. आण्णा तांब्या घेऊन बॅरलशेजारी बसायचे आणि वीज येईपर्यंत हौदातलं पाणी वरून ओतत राहायचे. हात दुखायला लागला की आलेल्या माणसाच्या हातात तांब्या द्यायचे. "गप्पा मारायच्या तर वता." पोस्टमननं ओतलं, कांबळेंनी ओतलं. एकदा निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवारानं वीस मिनिटं ओतलं आणि त्याचे कार्यकर्ते रांगेत उभे राहिले. जाताना त्यानं नम्रपणे विचारलं, "आण्णा, मत देतासा न्हवं?" आण्णा म्हणाले, "बगूया की. हात बरा चालतोय तुमचा." आणि आक्का? त्या अटवाल्या आक्का दुपारी आण्णा झोपले की स्वतः पदर खोचून ओतायला बसायच्या. मी भिंतीवरून बघितलं तर म्हणायच्या, "त्येंना सांगू नगासा."

मग आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्यांचे कागद मीच बघितले. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि ते लेकीजवळ, बेळगावला करायचं ठरलं. कागदात काय आहे ते मला कळत होतं, आणि मला कळलंय हे आण्णांना कळत होतं.

निघायच्या सकाळी रिक्षा आली. आक्का आधी बसल्या. आण्णांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी वही-पेन घेऊन तयार होते. खाणं किती, पाणी कधी, पंप बिघडला तर काय, सगळं लिहून घ्यायचं होतं.

"सांगा, आण्णा."

"काय सांगायचं न्हाय."

"काहीच नाही?"

"सिस्टर, घासनीला तुमच्याएवढं भिनारं मानूस आख्ख्या कोल्हापुरात घावायचं न्हाय. मी बिनघोर हाय."

मी हसले. वही मिटून पेन तिच्यात खोचलं.

ते परत आले नाहीत. ऑपरेशननंतर चार दिवस बरे होते, पाचव्या दिवशी गेले. पुढं आक्का आल्या आणि आम्ही दोघींनी मिळून तो हौद चालवला. त्या सकाळी मात्र हे काही माहीत नव्हतं. रिक्षा सुरू झाली आणि मी दारात उभी राहिले. मला खात्री होती की गल्लीच्या टोकाला वळायच्या आधी ते एकदा तरी डोकं बाहेर काढून हौदाकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. मागच्या काचेतून मला ते दिसत होते. आक्कांच्या कानाशी झुकून ते काहीतरी सांगत होते आणि दोघंही हसत होती.